इंजिन बघून जीप घेऊ नका

"इंजिन बघ. इंजिन ओके असलं की डोळे झाकून घे, बाकी सगळं करून घेता येतं." जुनी जीप नाहीतर जिप्सी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. गॅरेजवाला देतो, गाड्यांचा दलाल देतो, कधीकाळी गावाकडे जीप चालवलेला काका देतो, आणि विकायच्या गाडीचं बॉनेट उघडून मोबाइलवर व्हिडिओ काढणारेही हेच सांगतात. या एका सल्ल्याला आता बरीच पिल्लं झाली आहेत. यंत्रणा साधी आहे, कुठलाही मिस्तरी उघडतो. मिलिटरीची असेल तर बघायलाच नको, ती जपलेलीच असते. कागदांचं एजंट बघतो. आरसीवर टू-व्हील असली म्हणून काय झालं, फोर बाय फोर करून मिळते. आणि एवढ्याने गिऱ्हाईक बधलं नाही तर शेवटचं वाक्य: हौसेला मोल नसतं.

यातलं एकही वाक्य पुरतं खरं नाही. पण ती इतक्या आत्मविश्वासाने बोलली जातात की माणूस गाडी बघायला जातो तो निम्मी गाडी न बघताच परत येतो. बॉनेट उघडतो, सेल्फ मारतो, धुराचा रंग बघतो, डांबरी रस्त्यावर एक चक्कर टाकतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. गाडीखाली शिरत नाही. चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी ताडत नाही. पुढचा एक्सल खरंच ओढतो का, हे मातीत नेऊन बघत नाही. ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजायचे तेवढंच नेमकं तपासायचं राहतं.

आधी इंजिनाचंच घेऊ, कारण सगळा भरवसा त्याच्यावर आहे. महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्याने बनलेलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन होतं. डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी आली ती ९७० सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन. १९९६ च्या जिप्सी किंगला १,२९८ सीसीचं मिळालं. ही इंजिनं थकतात, तेल पितात, चढावर दम सोडतात. पण त्यांच्यावरचे इलाज ठरलेले आहेत. ब्लॉक बोअर होतो, पिस्टन-रिंगा बदलतात, क्रँक ग्राइंड करून मिळतो, हेडचा फेस मारता येतो. हे काम करणारा लेथवाला जिल्ह्याच्या गावी आजही सापडतो आणि खर्चाचा आकडा तो काम हातात घेण्याआधी सांगतो. थकलेलं इंजिन फार वेळ लपूनही राहत नाही. थंड असताना सुरू करा, चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून आतून वाफेचा जोर किती येतो ते बघा, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. तुम्ही पोचायच्या आधीच मालकाने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर उद्या पुन्हा येतो म्हणून सांगा. ज्या दुखण्याचं निदान सोपं, औषध माहीत आणि खर्च मोजता येण्याजोगा, त्यालाच सगळ्या गाडीची कसोटी का मानायचं?

खरं दुखणं खाली असतं. या गाड्यांत बॉडी वेगळी आणि खालचा सांगाडा वेगळा. इंजिन, पाटे, दोन्ही एक्सल, स्टिअरिंग बॉक्स, सगळ्यांचा भार त्या चेसिसवर. जिप्सीच्या चेसिसच्या लांब दांड्या चारी बाजूंनी बंद आहेत. त्यांत चिखल शिरतो, पाणी निघून जायची भोकं त्याच चिखलाने बुजतात आणि ओल आतच मुरते. त्यामुळे गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा निम्मा गेलेला असतो. गाडी रत्नागिरी-मालवणकडची किंवा गोव्याची असेल तर त्यात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळवा. कोणी हौसेने ती किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत पळवली असेल आणि नंतर खालून गोड्या पाण्याने धुतली नसेल, तर तिचं आयुष्य किती उरलं हे इंजिनाच्या आवाजावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

"करून घेता येतं" म्हणणाऱ्यांनी इथे उत्तर द्यावं. सडलेली चेसिस कशी करून घेणार? कापून ठिगळ लावणार? पाट्यांचे दोन कान एका रेषेत राहिले नाहीत तर गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते, टायर एका बाजूने खाते आणि ब्रेक मारला की ओढते. ठिगळाचं वेल्डिंग जिथे संपतं तिथेच पुढच्या पावसाळ्यात तडा सुरू होतो. आणि दुसरी चेसिस आणून बसवणार असाल तर तिच्यावर नंबर कोणता? चेसिस नंबर हीच तर कायद्याच्या लेखी गाडीची ओळख. इंजिन बदललं तर ते रीतसर नोंदवून घेता येतं. चेसिस बदलली की ती गाडीच राहिली नाही, कागद एकीचे आणि लोखंड दुसरीचं.

म्हणून जुने कपडे घालून जा आणि गाडीखाली आडवे व्हा. टॉर्च, छोटी हातोडी, जाड स्क्रू ड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, एवढं पुरतं. पाट्यांचे शॅकल जिथे चेसिसला धरतात ते कान, मागची आडवी पट्टी, बॉडीचे रबरी माउंट बसतात त्या जागा, टाकीच्या वरचा भाग, या ठिकाणी हातोडीने वाजवत जा. शाबूत लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. शंका आली तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. विलिसच्या घराण्यातल्या जीपांना स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांपाशी आणि पुढच्या पाट्याच्या मागच्या कानापाशी तडे जातात, तिथली घाण खरवडून नीट बघा. खालून ताजा काळा रंग मारलेली चेसिस दिसली की लोक खूश होतात, मालकाने निगा राखली म्हणतात. मला अशी गाडी दिसली की संताप येतो. विकायच्या आठवड्यात मारलेला तो रंग गंज थांबवायला मारलेला नसतो, झाकायला मारलेला असतो.

बॉडीचं त्यामानाने थोडक्यात. पायाखालच्या रबरी मॅट उचला, चाकांच्या कमानी आणि काचेच्या चौकटीचा खालचा काठ बघा, चुंबक फिरवा. ते धरलं नाही तर तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. पत्राकाम होतं, खर्चिक असलं तरी होतं. डेंटर चांगला मिळाला तर फ्लोअर नवं घालून देतो. त्यासाठी गाडी सोडू नका. किंमत पाडून मागा.

या गाड्या आधी कुठे राबल्या हेही विचारायला हवं. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे जीपांनी वर्षानुवर्षं वडाप केलं. आत दाटीवाटीने बसलेली, मागे लटकलेली, टपावर चढलेली माणसं घेऊन त्या खड्ड्यांतून धावल्या. त्यांच्या चेसिसने किती भार सोसला ते मीटरवरच्या आकड्यात कुठेही लिहिलेलं नसतं, आणि तो मीटर बहुतेक वेळा बंदच असतो.

आता दुसरा मुद्दा, यंत्रणा साधी असल्याचा. साधी कुणाच्या तुलनेत? आजच्या सेन्सरवाल्या गाड्यांच्या तुलनेत असेल. पण साध्या गाडीला एक डिफरन्शियल असतो, हिला दोन. शिवाय ट्रान्सफर केस, एकापेक्षा जास्त प्रोपेलर शाफ्ट, त्यांचे क्रॉस, आणि ओढतही राहायचं नि वळायचंही असा पुढचा एक्सल. जिप्सीत तर ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी बसवलेली, मध्ये आणखी एक छोटा शाफ्ट. साधेपणाचा हवाला देऊन ज्यांनी या गाड्यांना वर्षानुवर्षं ग्रीस दाखवलं नाही, त्यांच्याच गाड्या आज बाजारात आहेत.

मालक काय दाखवतो? लिव्हर ओढून फोर हायमध्ये टाकतो, "बघा, पडला गिअर" म्हणतो आणि डांबरी रस्त्यावर गोल वळसा मारून दाखवतो. यातून काहीच सिद्ध होत नाही, उलट नुकसान होतं. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर तो ताण थेट दात्यांवर आणि क्रॉसवर येतो. शिवाय लिव्हर पडला म्हणजे पुढची चाकं ओढतात असंही नाही. अ‍ॅव्हरेज वाढावं, आवाज कमी व्हावा म्हणून पुढचा शाफ्ट किंवा आतले एक्सल काढून ठेवलेल्या गाड्या आहेत. पुढचे हब मोकळे असतील तर लिव्हर कुठेही असो, पुढची चाकं ओढत नाहीत.

खरी परीक्षा भुसभुशीत चढावर. हब लॉक करा, फोर लो, पहिला गिअर, आणि खाली उभ्या माणसाला पुढची चाकं माती उकरतात का ते बघू द्या. मग तोच चढ उतरून या आणि एक्सलेटरवरून पाय काढा. लिव्हर उडी मारून न्यूट्रलमध्ये आला तर ट्रान्सफर केसचे दाते झिजले आहेत. घाटाच्या उतारावर इंजिनाचा आधार असा एका क्षणात सुटला तर काय होईल याची कल्पना "साधी यंत्रणा" म्हणणाऱ्यांनी करून बघावी. परत आल्यावर दोन्ही डिफरन्शियलच्या आणि ट्रान्सफर केसच्या तेलाचे बूच सैल करून बोट घाला. तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलं आहे, गाडी नदीतून काढली आणि मग कोणी उघडून बघितलं नाही. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेल ओघळलेलं असेल तर नकलचं सील गेलं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन किंवा बेअरिंग. ताशी पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं त्यामागे अनेकदा हेच असतं, आणि विकणारा त्याला "बॅलन्सिंग करून घ्या" एवढंच म्हणतो.

एक तपासणी तर जवळजवळ कोणीच करत नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून आजवर या गाड्यांचे भाग एकमेकींत इतके मिसळले आहेत की पुढचा एक्सल एकीचा आणि मागचा दुसरीचा असं सर्रास सापडतं. महायुद्धातल्या विलिस एमबीच्या क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ४.८८, मुलकी सीजे ३बी चं ५.३८. हे दोन एकाच गाडीत आले तर फोर बाय फोर घालताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात, आणि काहीतरी तुटल्याशिवाय तो झगडा मिटत नाही. ओळखायला यंत्र लागत नाही. हब लॉक, गाडी टू-व्हीलमध्ये, गिअर न्यूट्रल. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना ते बघा, चाकावर आणि दोन्ही शाफ्टवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकला आणि चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. पाच मिनिटांचं काम. इंजिनाचा आवाज ऐकण्यात तासभर घालवणाऱ्यांना पाच मिनिटं का मिळू नयेत?

इथूनच त्या आरसीच्या वाक्याकडे यावं लागतं: टू-व्हीलची फोर बाय फोर करून मिळते. हो, मिळते. महिंद्राच्या कितीतरी जीपा कारखान्यातूनच टू-व्हील म्हणून निघाल्या, आणि पुढचा एक्सल घालून त्या "ओरिजिनल फोर बाय फोर" म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असे बदल करायला मनाई करतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेला बाध येईल असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा आली. दंड ज्याने बदल केला त्या गॅरेजवाल्याच्या दारात येत नाही, ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्या दारात येतो. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी हेच बघणार.

मिलिटरीच्या गाडीबद्दलची श्रद्धा मला समजते. सैन्याबद्दलचा आदर आपण त्या गाडीवर चढवतो. पण सैन्य गाडी केव्हा काढतं? तिच्यातून काम घेऊन झाल्यावर. ती लडाखच्या थंडीत की राजस्थानच्या वाळूत राबली, हे लिलावाच्या यादीत लिहिलेलं नसतं. लिलावात ती भंगार म्हणून विकली गेली असेल तर तिची मुलकी नोंदणीच होत नाही, आणि विकणारा दाखवतो तो कागद फक्त भंगार विकत घेतल्याची पावती असतो. १ एप्रिल २०२३ पासून तर १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवणंच बंद झालं. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास कामाच्या गाड्यांपुरता अपवाद आहे. तेव्हा हिरवा रंग आणि बाणाची पाटी बघून हात जोडण्याआधी मुलकी आरसी मागा. ती नसेल तर तुम्ही शेडमध्ये ठेवायची वस्तू घेत आहात.

आणि कागद. "एजंट बघतो" या दोन शब्दांनी जितकी माणसं बुडवली तितकी कुठल्याही इंजिनाने बुडवली नसतील. एजंट काय बघणार? जे नाही ते तो आणणार कुठून? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, तेही गाडी तपासून. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली, उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याला ५०० रुपये वेगळे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याच्यावर. गोठ्यात दहा वर्षं झाकून ठेवलेली जीप स्वस्तात मिळाली म्हणणाऱ्याने हा हिशेब मांडून बघावा.

१९८९ च्या जुलैत एमएच आलं, त्याच्या आधीच्या तीन अक्षरी जुन्या नंबरांची लोकांना भारी हौस. नंबर सुंदर आहे, मान्य. पण त्या वेळची नोंद मूळ आरटीओच्या जाड वहीत आहे, आणि ती संगणकात चढलेली नसेल तर ना हस्तांतर, ना नूतनीकरण. ती नोंद चढवून घेणं विकणाऱ्याचं काम आहे, पैसे देण्याच्या आधी. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर नमुना २८ ची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, मालकाच्या सहीचे नमुना २९ आणि ३०. आणि तो मालक आरसीवरचाच हवा. तीन हात फिरलेली गाडी पहिल्या मालकाच्याच नावावर असते आणि तो पहिला मालक हयात नसतो, हे इतक्या वेळा घडतं की मी नवख्या माणसाला गाडीच्या आधी आरसी बघायला सांगतो. दिल्लीकडच्या गाड्यांबाबत जास्तच जपा. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली, आणि तिथून निघालेली स्वस्त गाडी पूर्ण कागदांनिशी आली आहे की नुसती आली आहे, हे तुम्हालाच तपासायचं आहे.

चेसिस नंबर वाचताना बॉडीवर रिव्हेट मारलेल्या पट्टीवर समाधान मानू नका. पट्टी एका गाडीवरून दुसरीवर जाते. चेसिसच्या लोखंडावर ठोकलेला नंबर शोधा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. आकड्यांची उंची-खोली सारखी हवी, आजूबाजूला घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण नको. हे जुळलं नाही तर पुढे काहीही बघू नका. गाडी चोरीची निघाली तर इंजिन ओके असण्याचा तुम्हाला काय उपयोग?

राहिली हौस. हौसेला मोल नसतं हे ज्याला पटतं त्याने एकट्याने ते मोजावं. पण या गाडीत तो एकटा बसणार नाही. सीजे ३बी ला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा: एका चाकाचा पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो. त्यावर मोठे टायर चढवले की तोच ब्रेक आणखी लुळा पडतो. मागच्या आडव्या बाकांवर मुलं बसतात, बहुधा पट्ट्याशिवाय, आणि वरंधा घाटाचा उतार समोर असतो. तेव्हा ब्रेक पेडल दाबून मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली जात असेल तर विकणाऱ्याचं एकही वाक्य ऐकू नका. प्रत्येक चाकाच्या मागे ओल आहे का बघा, रबरी पाइप वाकवून चिरा बघा. हे सगळं बघायला वेळ मागितला म्हणून कोणी तुम्हाला हौस नसलेला म्हटलं तर म्हणू दे.

इंजिन बघाच, पण सगळ्यात शेवटी. आधी आरसी आणि नंबर, मग चेसिस, मग ट्रान्सफर केस आणि दोन्ही एक्सल, मग ब्रेक आणि स्टिअरिंग. हा क्रम मोडू नका, कारण वरून खाली जाल तसं दुखणं बरं करण्याजोगं होत जातं आणि इंजिन त्यातलं सर्वांत बरं करण्याजोगं. एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा सकाळी इंजिन थंड असताना, अशा दोन खेपा मारा. आपला मिस्तरी आपल्या पैशाने घेऊन जा, विकणाऱ्याचा नको. आणि गाडीखाली शिरू न देणारा, मातीत नेऊ न देणारा किंवा आरसीचा फोटो आधी पाठवायला कां-कूं करणारा मालक भेटला, तर इंजिन कितीही गोड वाजत असो, टोकन न देता परत या.